दिवा लागल्यापासूनचं अंतर

गाडी बंद पडली ती नेमकी पूर्वाच्या वर्कशॉपच्या फाटकासमोर.

पूर्वा ओव्हाळ चहाचा पेला हातात घेऊनच बाहेर आली. खडकीच्या त्या अरुंद गल्लीत कुणी फाटकासमोर गाडी लावली की तिचं डोकं फिरायचं. ‘गाडी काढा’ म्हणायला तिनं तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं. निळ्या, जुनाट पिकअपमध्ये चालकाच्या शेजारी एक सांगाडा बसला होता. अख्खा, दातांसकट. सीटबेल्ट लावून.

“घाबरू नका, प्लास्टिकचा आहे,” चालकाच्या बाजूनं एक उंच, चष्मेवाला तरुण घाईघाईनं उतरला.

“घाबरले नाही. यांना कुठं जायला उशीर तर होत नाहीये ना, एवढंच बघत होते.”

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो त्यानं मनगटानं वर ढकलला, कारण वाटेत बॉनेट उघडून दोन्ही हात काळे झाले होते. पूर्वाच्या ते उगाचच लक्षात राहिलं.

त्याचं नाव केदार लिमये. कोथरूडचा. तीन वर्षांपूर्वी हिंजवडीतली संगणकाची नोकरी सोडून त्यानं ही नऊ वर्षं जुनी पिकअप घेतली होती. मागे चौदा सूक्ष्मदर्शक, एक दुर्बीण, काचेची भांडी आणि शेजारी सांगाडा, असा संसार घेऊन तो गावोगावच्या शाळांत जायचा आणि मुलांना विज्ञानाचे प्रयोग करायला लावायचा.

“आणि हा दिवा,” त्यानं काचेमागच्या पिवळ्या, इंजिनाच्या आकाराच्या दिव्याकडे बोट दाखवलं, “सात महिने माझ्या मागे लागलाय. तो लागला की गाडीतला जीवच जातो. तीन गॅरेज झाली. एकानं सेन्सर बदलला, एकानं पंप बदलला. प्रत्येक जण यंत्र लावून कोड पुसतो, दिवा जातो, चार दिवसांनी परत हजर. तिसरा तर म्हणाला, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून देऊ का?”

“मग लावली का नाहीत?”

“दिवा का लागतो ते कळलं नसतं ना.”

पूर्वानं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. गाडी नीट करा म्हणणारे रोज येत. का बिघडली, हे विचारणारा आज पहिलाच.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका कारखान्यात पूर्वा चार वर्षं गाड्यांची तपासणी करत होती. म्हणजे नावाला तपासणी. तिच्या हातात कायम कागदच यायचे. शेवटी तिनं स्वतःचं वर्कशॉप काढलं. पाने, जॅक कमी. वायरी, मीटर आणि लॅपटॉप जास्त. गाडी नेमकी कुठं दुखतेय ते शोधून देणं, हेच तिचं काम.

तिनं स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडली. पडद्यावर कोड उमटला.

“इंधनाच्या दाबाचा सिग्नल चुकीचा येतोय, असं गाडी म्हणते.”

“म्हणजे सेन्सर खराब...”

“असंच तिघांना वाटलं. कोड ही गाडीची तक्रार असते हो, निदान नाही. पोट दुखतंय एवढं पोर सांगतं. काय खाल्लं, कधी खाल्लं, हे आपण विचारायचं असतं.”

“मग विचारा.”

“तुम्हालाच विचारते. दिवा लागतो तेव्हा तुम्ही काय करत असता?”

केदारनं प्रामाणिकपणे विचार केला. “बहुतेक वेळा... गाणं म्हणत असतो.”

“मग गाडीची तक्रार रास्त आहे,” पूर्वा म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातात एक कोरी वही ठेवली. “दिवा लागला की लिहायचं. वेळ, रस्ता, चढ की उतार, मागे वजन किती, वळण कुठलं. जे जे दिसेल ते.”

दहा दिवसांनी तो वही घेऊन आला. पूर्वा खुर्चीवर टेकून वाचू लागली.

‘मंगळवार, सकाळी सव्वानऊ. दिवे घाट, चढ. मागे सगळं सामान. डावं वळण. दिवा लागला. एक घार अगदी जवळून गेली.’

‘शनिवार, दुपारी बारा. कात्रजचा चढ. सामान सगळं. वळण डावीकडे. लागला. रस्त्याकडेला चिंचा विकणाऱ्या बाईंनी गाडीला धक्का दिला आणि मला चिंचा.’

“घार कशाला लिहिलीत?”

“जे जे दिसेल ते लिहा, तुम्हीच म्हणालात.”

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. ‘बुधवार. दिवा लागला नाही. तरी आठवण आली... वहीची.’

पूर्वानं ते पान जरा जास्तच वेळ वाचलं. मग वही मिटून, आवाज शक्य तितका कोरडा ठेवत ती म्हणाली, “सपाट रस्त्यावर एकदाही नाही. गाडी रिकामी असताना एकदाही नाही. चढ, वजन आणि डावं वळण, तिन्ही एकत्र आले की मगच. सेन्सर खराब असता तर तो असा वळणं बघून आजारी पडला नसता. उद्या मला घाटात न्या.”

“सांगाड्याला मागे बसवतो,” केदार म्हणाला.

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. दिवे घाटाच्या पायथ्याशी पूर्वानं लॅपटॉप मांडीवर उघडला. पडद्यावर इंधनाच्या दाबाची हिरवी रेषा संथपणे सरकत होती. गाडी चढाला लागली, इंजिनाचा आवाज जड झाला.

“गाणं म्हणू का? म्हणजे परिस्थिती तंतोतंत जुळेल...”

“गाडी चालवा.”

डावं वळण आलं. हिरवी रेषा एकदम ताडकन वर उडाली, पडद्याच्या कडेला टेकली आणि पिवळा दिवा लागला. गाडी धापा टाकू लागली. केदारचा चेहरा पडला, पण पूर्वा मात्र टाळी वाजवायचीच बाकी होती. “लागला! थांबा, थांबा, कडेला घ्या!”

“दिवा लागल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय.”

“सापडतंय ना, म्हणून!”

गाडी सपाट जागी लावून, इंजिन चालूच ठेवून तिनं बॉनेट उघडलं. केदारला लॅपटॉप दिला. “मी एकेक वायर हलवते. रेषा उडाली की ‘हो’ म्हणायचं.”

ती वाकून हात आत घालत होती. घाटातला वारा तिची बट पुन्हा पुन्हा डोळ्यांवर आणत होता.

“आता?”

“नाही.”

“आता?”

“नाही...”

“आता?”

“हो. हो! पुन्हा हलवा... हो!”

“इकडे या.”

तो तिच्या शेजारी वाकला. पंपामागून जाणारा वायरींचा जुडगा एका लोखंडी पट्टीला टेकला होता. चढावर जोर लागला की इंजिन किंचित कलतं, वळणावर आणखी कलतं, आणि जुडगा त्या पट्टीवर घासतो. घासून घासून एका वायरीचं आवरण गेलं होतं. उघडी पडलेली तार तांदळाच्या दाण्याएवढीही नव्हती.

“एवढीशी?” केदार पुटपुटला. “सात महिने... एवढ्याशा जागेमुळे?”

“जागा एवढीशीच असते. तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.”

तिनं मान वळवली तेव्हा त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता. त्याच्या शर्टाला प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा वास येत होता. दोघंही एकाच वेळी सरळ झाले आणि बॉनेटवर केदारचं डोकं आपटलं.

वर्कशॉपवर परतल्यावर पूर्वानं वायर बदलली, तिच्यावर जाड आवरण चढवलं, जुडगा पट्टीपासून दूर बांधला. काढलेला तुकडा मात्र तिनं जपून टेबलावर ठेवला. गाडी देताना ती म्हणाली, “दोन आठवडे चालवून बघा. दिवा लागला नाही, तर पुन्हा यायची गरज नाही.”

ती हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. पण या वेळी गाडीची किल्ली तिच्या हातातून लवकर सुटली नाही.

“गरज नाही... बरं,” केदार म्हणाला, आणि गेला.

पूर्वाचे वडील बाबुराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. दुपारचं जेवण झालं की ते वर्कशॉपमध्ये येऊन पेपर वाचत बसत. आठवडाभरानं पेपरच्या आडूनच त्यांनी विचारलं, “ते सांगाडेवाले येत नाहीत का ग हल्ली?”

“त्यांची गाडी बरी झाली, बाबा.”

“मग तुझं तोंड का आजारी?”

पूर्वा मीटरच्या वायरी गुंडाळू लागली. दोन महिन्यांपासून ती एका मोठ्या कामामागे होती, आणि तोंड त्यामुळे उतरलंय असं तिनं स्वतःलाही बजावून पाहिलं. मांजरी गावच्या दिगंबर कुंजीरांकडे शाळेच्या अकरा बस होत्या. त्यांची तपासणी तिच्याकडे आली असती, तर ‘एक पोरगी यंत्र लावून काहीतरी सांगते’ असं म्हणणाऱ्या अख्ख्या गल्लीचं तोंड बंद झालं असतं.

अखेर एका शुक्रवारी कुंजीर स्वतः आले. पांढरा सदरा, हातात टोपी, नजर चौकस. पूर्वानं टेबलावरचा वायरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. “तीन ठिकाणी फिरून आलेली गाडी होती, काका. दोष एवढा होता. आता दिवा लागत नाही.”

“आसं हाय व्हय!” कुंजीर डोळे बारीक करून तुकडा निरखत होते.

आणि त्याच वेळी फाटकात निळी पिकअप येऊन थांबली. केदार उतरला, नवा शर्ट घालून. चेहऱ्यावर काळजी आणायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण तो काही साधत नव्हता. “मॅडम... दिवा परत लागला.”

कुंजीरांनी एकदा पूर्वाकडे पाहिलं, मग ते गाडीच्या काचेतून आत डोकावले.

“हीच का ती गाडी?”

पूर्वानं मान हलवली.

“दिवा तर लागलाय की, मॅडम.” त्यांनी तुकडा हळूच टेबलावर परत ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली. “बघू मग. कळवतो.”

ते गेले. पूर्वानं यंत्र जोडलं. कोड वेगळाच होता, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. दिवा लागला त्या क्षणी गाडी कशी होती, याचीही नोंद गाडी ठेवते. पूर्वानं ती उघडली.

“कुठं लागला म्हणालात?”

“विद्यापीठ चौकात.”

“तो इथून किती लांब आहे?”

“असेल... चार-पाच किलोमीटर.”

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. “गाडीचा वेग, शून्य. म्हणजे गाडी उभी होती. आणि ही खालची ओळ वाचा. दिवा लागल्यापासून कापलेलं अंतर.”

केदारनं वाचलं. चष्मा वर ढकलला. पुन्हा वाचलं. “शून्य किलोमीटर.”

“सेन्सरची पिन तुम्ही काढलीत.”

“...हो.”

“कुठं?”

“कोपऱ्यावर. पिंपळाखाली. काढली, दिवा लागला, परत बसवली.” तो जमिनीकडे बघत होता. “दिवा लागला नाही तर यायची गरज नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. दोन आठवडे दिवा लागलाच नाही. मी काय करणार होतो?”

एरवी पूर्वा खळखळून हसली असती. हसू खरंच गळ्यापर्यंत आलंही होतं, पण त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं.

“आत्ता गेले ते कोण होते, माहितीये? मांजरीचे कुंजीर. अकरा बस. दोन महिने मी त्यांना बोलवत होते. आणि दाखवायला माझ्याकडे एकच गाडी होती. तुमची.”

केदारच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “मला... मला माहीत नव्हतं...”

“नुसतं यायचं होतं. असंच. चहा प्यायला आलो म्हणायचं होतं. तुमची गंमत झाली, केदार, आणि माझा शब्द गेला. जा तुम्ही आता.”

तो गेला. कोपऱ्यात बसलेल्या बाबुरावांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कारखान्यात कुणाच्या हातून चूक झाली की आम्ही आधी विचारायचो, कळून केली की न कळत?”

“कळून केली, बाबा.”

“विचारल्यावर आढेवेढे घेतले?”

“नाही. लगेच कबूल केलं.”

“हं,” बाबुराव म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. “मॅडम, मी केदार. मांजरीत आहे, कुंजीरांकडे. त्यांना सगळं खरं सांगितलंय. पण ते...”

मागून खरखरीत आवाज आला, “आण इकडं फोन. हां मॅडम, हे पोरगं म्हणतंय, पिन त्यानंच काढली. स्वतःच्या गाडीची! आसं कोण करतंय व्हय? तुम्हीच पाठवलंय का याला?”

पूर्वाच्या कानशिलांत रक्त चढलं. पण आवाज स्थिर राहिला. “मी नाही पाठवलं, काका. त्या गाडीबद्दल मी आता काही बोलणारच नाही. तुमची सगळ्यात त्रास देणारी बस कुठली, ती बाजूला काढून ठेवा. मी येते.”

मग कुंजीर म्हणाले, “चार नंबरची हाय एक. या.”

तासाभरात तिची स्कूटर मांजरीच्या उसामधून कुंजीरांच्या आवारात शिरली. केदार दूर उसाच्या कडेला उभा होता. तिनं मान वळवली नाही. चार नंबरच्या बसचा दिवा रोज सकाळी लागायचा आणि दुपारपर्यंत आपोआप जायचा. बॅटरीसुद्धा बदलून झाली होती. पूर्वानं यंत्र जोडलं, कोड पाहिला आणि चालकाला विचारायला सुरुवात केली. बस रात्री कुठं उभी असते? सकाळी पहिलं काम काय करता?

“धुतो की, ताई. रोज. पायपानं.”

“बॉनेटखालीसुद्धा?”

चालकानं अभिमानानं मान डोलावली. “आतूनबी चकाचक!”

पूर्वा वाकली. सेन्सरच्या जोडाचं रबर फाटलं होतं आणि आतल्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. तिनं पिना साफ केल्या, जोड कोरडा केला, कोड पुसला, आणि मग बाटलीतलं पाणी त्याच जागी थेंबथेंब सोडलं. दिवा लागला. पुन्हा कोरडा केला, कोड पुसला. दिवा गेला. कुंजीर कमरेवर हात ठेवून तिन्ही वेळा नीट बघत होते.

“आता रबर नवीन बसवा, काका. आणि बस रोज धुवा, पण बॉनेटखाली पाणी नको.”

कुंजीर चार नंबरचं बॉनेट स्वतः खाली लावून वळले. “सोमवारपासनं एकेक बस धाडतो तुमच्याकडं. अकराच्या अकरा.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आन त्या पोराचं काय करायचं? सकाळी सातपासनं उभं हाय. चहा पण घेईना.”

पूर्वा हात पुसत उसाकडे चालत गेली. तोड चालू होती. हवेत कापलेल्या उसाचा गोड, ओला वास होता.

“थांबलात का अजून?”

“मदतीला नाही. ती तुम्हाला लागत नाही, हे आत्ता बघितलंच. पण फोन कुंजीरांच्या हातात देऊन पळून गेला, असं वाटायला नको म्हणून.” त्यानं खोल श्वास घेतला. “आणि काल जे बोलायला आलो होतो, ते बोलायचंच राहिलं. मला तुम्ही आवडता. घाटात तो दिवा लागला आणि तुमचा चेहरा उजळला ना... तेव्हापासून.”

पूर्वानं हातातला फडका घडी करून खिशात ठेवला. मग तिनं सरळच विचारलं, “माझं आडनाव ओव्हाळ आहे. कोथरूडमध्ये ते ऐकून काय म्हणतील?”

“आईला गेल्या आठवड्यातच सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पण तोंडातून शब्द नाही.” केदारनं काहीच गाळलं नाही. “चाळीस वर्षं गणित शिकवलंय तिनं, कुणाला फुकटचे गुण देत नाही. काल पिनेचं सांगितलं, तेव्हा म्हणाली, ‘मुलगी तर हुशार दिसते. तुझंच कठीण आहे. तिला तोंड दाखवायचं असेल, तर आधी त्या बसवाल्यांना दाखवून ये.’ मान्य आहे, असं ती अजून म्हणालेली नाही. ओळख करून दे, एवढं म्हणाली.”

“आमच्या घरात शिरलं की समोरच बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. कुणी येणार म्हणून तो आतल्या खोलीत जाणार नाही.”

“गेला, तर का हलवला म्हणून मीच विचारीन.”

तो हे हसत म्हणाला नव्हता. वाऱ्यानं उसाची पाती एकमेकांवर घासत होती. पूर्वानं पायाखालचं चिपाड बुटाच्या टोकानं बाजूला सारलं.

“आज काहीच उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून आले होते मी.”

“आणि... आता?”

“आता... तुम्ही पण मला आवडता.” ती थांबली. तिनं मान हलवली. “नाही. नीट म्हणते.”

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. गालांवर ऊन होतं, की आणखी काही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आवडतोस तू मला.”

ओसरीवरून कुंजीरांनी हाक मारली, “मॅडम, चहा निवतोय!”

दोघांपैकी कुणीच हललं नाही.